पाऊल, डोळा आणि परवाना

मोटार चालवणे कधी थांबवावे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत वयाच्या आकड्यात शोधले जाते. सत्तरीतील एखादी व्यक्ती निर्धोकपणे गाडी चालवत असते, तर पंचेचाळिशीतील एखादा जुना मधुमेही त्या कामास अपात्र ठरलेला असू शकतो. त्यामुळे खरी कसोटी वयाची नसते, रोगाच्या नावाचीही नसते, तर वाहन चालवताना लागणाऱ्या एकेका शारीरिक क्रियेची असते.

मधुमेहाचेच उदाहरण घेतल्यास, रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायांकडे जाणाऱ्या नसा हळूहळू निकामी होतात आणि तळवे बधिर होत जातात. या अवस्थेला मधुमेहजन्य चेताविकार म्हणतात. चालताना पायातली चप्पल निसटली तरी ते ध्यानात न येणे, हे त्याचे आपल्याकडे नेहमी आढळणारे लक्षण होय. अशा व्यक्तीला आपले पाऊल ब्रेकवर आहे की ॲक्सिलरेटरच्या कडेवर, आणि त्यावर दाब किती पडतो आहे, हे स्पर्शाने कळत नाही, म्हणून ती नकळत खाली पाहू लागते आणि तेवढा वेळ रस्त्यावरची नजर हटते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार अर्ध्या सेकंदात ८ मीटरहून अधिक, म्हणजे साधारणपणे दोन मोटारींच्या लांबीइतके अंतर कापते, हे लक्षात घेतले की या क्षणाचे मोल कळते.

डोळ्यांची गोष्ट याहून फसवी आहे. काचबिंदूत, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची हानी करणाऱ्या विकारात, बहुधा समोरची नजर शाबूत राहून बाजूची दृष्टी आधी जाते, तर पक्षाघातानंतर काहींच्या दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राचा एकाच बाजूचा अर्धा भाग नाहीसा होतो. मात्र मेंदू ती रिकामी जागा आजूबाजूच्या दृश्याच्या आधारे भरून काढत असल्याने रुग्णाला काळा डाग दिसत नाही आणि ‘मला नीट दिसते’ असे तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो. मोटारीच्या डाव्या दारावर किंवा आरशावर वारंवार नवे ओरखडे दिसू लागले, तर चालकाच्या निष्काळजीपणावर वाद घालण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडे पेरिमेट्री, म्हणजे दृष्टिक्षेत्राची मोजणी, करून घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

कायद्याची चाळण येथे पुरेशी बारीक नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ खालील नमुना १ मध्ये अर्जदाराने आपल्या प्रकृतीविषयी स्वतःच घोषणा करायची असते आणि त्यात २५ मीटरवरील नंबरप्लेट वाचता येते का, असे विचारलेले असते. हा प्रश्न समोरच्या नजरेचा आहे, बाजूच्या नव्हे. पंचावन्न वर्षे उलटल्यावर परवाना एका वेळी ५ वर्षांपुरताच मिळतो, परंतु कंपवातासारखा विकार पुढच्या नूतनीकरणाची वाट पाहत थांबत नाही. शारीरिक वा मानसिकदृष्ट्या अपात्र असल्याचे ठाऊक असूनही वाहन चालवल्यास कलम १८६ नुसार दंड होतो. पण वर सांगितलेल्या रुग्णाला आपली अपात्रता ठाऊकच नसते.

अपंगत्व म्हणजे वाहनबंदी, असाही अर्थ काढता येत नाही. पोलिओने पाय अधू झालेल्या असंख्य व्यक्ती मागे दोन जादा चाके लावलेल्या स्कूटर वर्षानुवर्षे सराईतपणे चालवतात. डावा पाय दुबळा असेल तर क्लच नसलेली ऑटोमॅटिक मोटार चालते, आणि उजवा पाय निकामी असेल तर ब्रेक व ॲक्सिलरेटर हाताने चालवण्याची सोय करून घेता येते. अशा अनुकूलित वाहनांना कायद्याची मान्यता आहे. येथे उणीव स्थिर असते, म्हणून वाहन तिच्याशी जुळवून घेता येते. थांबण्याचा प्रश्न उभा राहतो तो वाढत जाणाऱ्या किंवा वरखाली होणाऱ्या विकारांत: कंपवाताचा रुग्ण गोळीचा अंमल असताना सफाईने हालचाल करतो आणि अंमल उतरला की पाय उचलायलाच विलंब लागतो, त्यामुळे सकाळी घेतलेली चाचणी संध्याकाळची हमी देत नाही.

म्हणूनच अशा विकाराचे निदान झाले की, गाडी अजून नीट चालवता येत असतानाच, कोणत्या खुणा दिसल्यावर थांबायचे हे रुग्ण, कुटुंबीय आणि डॉक्टर यांनी ठरवून ठेवावे. ऐन वेळी किल्ली काढून घेणे अपमानास्पद वाटते आणि बहुधा उशिराच घडते. आधी रात्रीचा प्रवास, मग घाट आणि महामार्ग, असे टप्प्याटप्प्याने सोडणे अनेकांना जमते, मात्र बधिर पावलाला दिवस-रात्रीचा भेद नसल्याने तेथे हा मार्ग उपयोगाचा नाही.

दुचाकीस्वाराचा निकष आणखी साधा आहे: सिग्नलला थांबताना टेकलेला पाय गाडीचे वजन तोलू शकत नसेल, तर ती दुचाकी त्याच्यासाठी संपली. त्यानंतर फिरायचे कसे, याचे उत्तर मात्र साधे नाही. महाराष्ट्रात २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, पण ज्या गुडघ्यांमुळे स्कूटर सुटली, त्याच गुडघ्यांना एसटीची पहिली पायरी चढायची असते, आणि ती कोणत्याही सवलतीने खाली येत नाही.