पहिला कामगार ठेवताना

समजा, तालुक्याच्या गावी एकाने लोखंडी दारं-खिडक्या बनवण्याचं छोटं वर्कशॉप काढलं आहे. चार वर्षं एकट्याने खपल्यावर काम वाढलं, आणि ओळखीतला एक तरुण त्याने हाताखाली घेतला. "दहा माणसं होईपर्यंत आपल्याला कायदा लागू नाही," असं त्याला बाजारात कुणीतरी सांगितलेलं असतं. श्रोतेहो, हे अर्धंच खरं आहे. घात होतो तो उरलेल्या अर्ध्यात.

दहाचा आकडा राज्य कामगार विम्याचा आणि वीसचा भविष्यनिर्वाह निधीचा. तिथवर या दोहोंची सक्ती नाही, हे कबूल. पण किमान वेतनाला असा आकडा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली वेतन संहिता एका कामगारालाही लागू होते. महाराष्ट्रात किमान वेतन धंदा कोणता आणि गाव कोणत्या परिमंडळात यावर ठरतं. शिवाय विशेष भत्ता असतो, तो दर सहा महिन्यांनी बदलतो. "त्यानेच कमी पगार कबूल केला होता," ही सबब चालत नाही. महिन्याचा पगार पुढच्या सात तारखेच्या आत द्यायचा. नोकरी सुटली तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता.

मग व्यवसाय कर. पुरुषाचा पगार दहा हजारांवर गेला की दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २५०० त्याच्या पगारातून कापून मालकाने भरायचे, त्यासाठी नोंदणीही करायची. स्त्रियांना २५,००० पर्यंत हा कर नाही. आणि गंमत अशी, की कापायला विसरलात तरी भरायचे तुम्हीच! प्राप्तिकर कापण्याची वेळ एवढ्या पगारात सहसा येत नाही.

मला खरी काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. ग्राइंडरचं चाक फुटून त्या पोराचा डोळा गेला तर? कामगार विमा असता तर उपचार आणि भरपाई तिकडून मिळाली असती. दोघांच्या वर्कशॉपला ते छत्र नाही, म्हणून भरपाई थेट मालकाच्या अंगावर येते. १९२३ च्या कायद्यातली ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. मालकाची चूक नव्हती एवढ्याने ती सहसा टळत नाही. रक्कम ठरते कामगाराचं वय आणि पगार यांवरून. मोठी दुखापत असेल तर ती लाखांत जाते, चार वर्षांची कमाई एका दिवसात संपवील इतकी.

यावर उपाय आहे. विमा कंपन्या याच जबाबदारीची पॉलिसी देतात. माणूस कामावर यायच्या आधी ती घ्यावी. हजेरी लिहावी, पगार बँकेतून द्यावा, पावती द्यावी. नाहीतर उद्या पगार किती होता यावरच वाद सुरू होतो. आणि पॉलिसीच्या अर्जात काम खरं लिहा बरं का. तो वेल्डिंग करणार असेल तर हप्ता वाचवायला 'मदतनीस' लिहू नका.