हँडल सैल धरा

जेवणं-भांडी आटोपली असतील. नसतील तर भांडी घासता घासता ऐका. आज आम्ही व्याजाचं, कर्जाचं काही बोलणार नाही. आज आमच्या गटाच्या एका चुकीबद्दल बोलणार आहोत. आपण स्वतःसाठी काहीतरी ठरवतो, त्यासाठी जिवाचा आटापिटा करतो, आणि तरी ते होत नाही. असं का होतं, ते या चुकीतून आम्हाला थोडंफार कळलं.

आधी एक प्रश्न. म्हशीने पान्हा चोरला तर आपण काय करतो? ओरडून, मारून, सड ओढून दूध येतं का? उलट असलेलंही आटतं. घरातली जाणती बाई अशा वेळी दावणीवरची गडबड थांबवते, कास कोमट पाण्याने धुते, रेडकू लावते, पाठीवर हात फिरवते. मग म्हैस पान्हावते. याला शास्त्रातही कारण आहे. दूध कासेत असतंच, पण ते सडात उतरायला जनावराच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा रस रक्तात यावा लागतो. जनावर घाबरलं की अंगात भीतीचा दुसरा रस सुटतो आणि तो या कामात आडवा येतो. म्हणून धाकाने पान्हा येत नाही.

आता नीट बघा. यात कष्ट सुटलेत का? नाही. पहाटे उठणं आहे, वैरण आहे, शेण आहे, वेळेवर धार आहे. कष्ट सगळे आहेत. जबरदस्ती तेवढी नाही. हा फरक मनात ठेवा, आजचं सगळं बोलणं त्यावरच आहे.

आता आमची चूक सांगतो. गेल्या वर्षी ८ मार्चला, महिला दिनाच्या बैठकीत आम्ही ठरवलं की गटातल्या बायकांनी सायकल शिकायची. आमच्या गावापासून बँक सहा किलोमीटर. वडाप सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. ते चुकलं की दिवस गेला आणि दिवसाची मजुरीही गेली. पासबुक भरायला जायचं तरी कुणीतरी 'सोडतो' म्हणायची वाट बघायची. आणि घराघरात मुलींना शाळेसाठी मिळालेल्या सायकली भिंतीला टेकून उभ्या. तेव्हा विचार चांगलाच होता.

पण आम्ही तो कसा राबवला? बैठकीला उशीर झाला तर आमच्याकडे १० रुपये दंड आहे. त्या दंडाने बैठका वेळेवर सुरू व्हायला लागल्या, हे खरं. म्हणून आम्ही तोच नियम सायकलला लावला. रोज संध्याकाळी एक तास सराव, दांडी मारली तर १० रुपये दंड, आणि पंधरा दिवसांत प्रत्येकीने शाळेच्या मैदानाला एक फेरी मारून दाखवायची. ठराव लिहिला, सह्या-अंगठे घेतले.

पाचव्या दिवशी आमच्या एक वहिनी पडल्या. दिवसभर कांदा काढून आल्या होत्या, कंबर धरलेली होती. नको म्हणत होत्या, पण आधीच तीन दांड्यांचे ३० रुपये भरलेले, म्हणून बसल्या. मागून दोघींनी कॅरियर धरलेला, बाजूने आम्ही सगळ्या ओरडतोय, "पुढे बघा, पायडल मारा, वाकू नका!" कट्ट्यावर पोरं हसतायत. वहिनी अंग आवळून बसल्या होत्या. सायकल कलली आणि त्या हातावर पडल्या. मनगट मुरगळलं. ऐन काढणीत तीन आठवडे मजुरी बुडाली. पुढच्या दोन बैठकांना त्या आल्याच नाहीत. घरी भेटायला गेलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, "ताई, मला शिकायचं होतं. पण तुम्ही मला शिकू दिलं नाही."

हे वाक्य आम्हाला लागलं. पंधरा दिवस संपले तेव्हा नऊ जणींपैकी एकच चालवत होती, आणि ती लहानपणी माहेरी शिकलेली होती.

मग आम्ही गावातल्या सायकल दुरुस्तीवाल्या दादांकडे जाऊन बसलो. त्यांनी एक सोपी गोष्ट समजावली. सायकल कधीच सरळ उभी नसते. ती सतत थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे कलत असते. डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडे वळावं लागतं. मग चाक आपल्या अंगाखाली येतं आणि सायकल सावरते. उजवीकडेही तसंच. हे वळणं इतकं बारीक असतं की चालवणारीला कळतही नाही. पण हँडल घट्ट आवळून धरलं, खांदे ताठ केले, तर हँडल वळणार कसं? पडू नये म्हणून जितकं आवळाल तितकं पडायची शक्यता जास्त. त्यात भीतीने नजर पुढच्या चाकावर आणि सायकल अगदी हळू. हळू चालणारी सायकल सावरायला आणखी अवघड.

मैत्रिणींनो, आम्ही वहिनींना जे जे करायला लावलं, ते सगळं पाडणारंच होतं.

मग प्रश्न आला, दंडाने बैठक सुधारली, तर सायकल का नाही? याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. १९०८ साली अमेरिकेत यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांना पांढरा आणि काळा डबा ओळखायला शिकवलं. चुकीच्या डब्यात गेला की विजेचा झटका. फरक स्पष्ट होता, ओळखणं सोपं होतं, तेव्हा झटका मोठा केला तर उंदीर लवकर शिकले. पण फरक बारीक केला, काम अवघड केलं, तेव्हा मोठ्या झटक्याने शिकणं लांबलं. अवघड कामाला धाक थोडकाच चालला.

उंदीर वेगळे, माणूस वेगळं. पण आमच्या गटाला हे तंतोतंत लागू पडलं. वेळेवर बैठकीला येणं आपल्याला येतंच, फक्त टाळाटाळ होते. तिथे दंड चालतो. सायकल आपल्याला येतच नव्हती. जे येत नाही ते दंडाने कसं येणार? जे जमतं पण आळसाने राहतं, तिथे थोडा जोर लावा. जे नवं आहे, अवघड आहे, तिथे जोर काढून घ्या.

कुणी म्हणेल, या वयात बायका सायकल शिकतात का? तर तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्याची गोष्ट ऐका. तिथे १९९१ च्या सुमारास साक्षरतेची मोठी मोहीम झाली. गावोगाव फिरायचं तर बायकांना सायकल यायला हवी, म्हणून जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरांबरोबर सायकलही मोहिमेत घेतली. त्यात शेतमजूर बायका होत्या, दगडखाणीत राबणाऱ्या होत्या, अंगणवाडीच्या ताई होत्या. लोकांनी टोमणे मारले. तरी १९९२ च्या महिला दिनाला दीड हजारांहून जास्त बायका सायकलला झेंडे लावून रस्त्यावर आल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे लिहून ठेवलंय. त्यातलं आम्हाला आवडलेलं असं, की नुकत्याच शिकलेल्या बायकाच दुसरीला फुकट शिकवायच्या. काल आपणही घाबरत होतो, हे त्यांना आठवत असायचं.

दसऱ्यानंतर पावसाने उघडीप दिली आणि आम्ही पुन्हा सुरुवात केली. या वेळी आधीचा ठराव रद्द केला. गोळा केलेला दंड ज्याचा त्याला परत दिला. वहिनींचे ३० रुपये घरी नेऊन दिले आणि चुकलं म्हणून सांगितलं. मग प्रत्येकीला विचारलं, तुम्हाला शिकायचंय का, आणि कशासाठी? दोघी म्हणाल्या, आम्हाला नको. बरं, नको तर नको. एक म्हणाली, मला माहेरी जायचंय, कुणाला न विचारता. तिचं कारण बँकेपेक्षा मोठं होतं.

शिकायची रीत बदलली, ती अशी. तुमच्या गटात करायची असेल तर लक्ष देऊन ऐका.

सीट एवढी खाली घ्या की दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतील. दोन्ही पायडल काढून टाका. दुकानातून काढून घेतली तर उत्तम. घरी काढणार असाल तर डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे विसरू नका. उजवं नेहमीसारखं सुटतं, डावं उलट दिशेने फिरवावं लागतं. मग सपाट, टणक जागा घ्या. वाळू नको, चिखल नको. साडी असेल तर निऱ्या वर खोचा, पदर कमरेला बांधा, म्हणजे साखळीत काही जाणार नाही. पहिल्यांदा फक्त ब्रेक दाबायला शिका. थांबता येतं हे अंगाला कळलं की अर्धी भीती तिथेच जाते.

आता पायांनी जमीन ढकलत चाला. नुसतं चाला. हळूहळू पावलं लांब पडतात, आणि मग दोन क्षण दोन्ही पाय वर राहतात. घसरत पुढे जाते सायकल. पडायला लागलं तर पाय खाली आहेतच. मागून कुणी धरायचं नाही, बाजूने कुणी ओरडायचं नाही. नजर चाकावर नाही, लांबच्या झाडावर. आणि हँडल कसं धरायचं? कोंबडीचं पिल्लू हातात घेतो तसं. निसटू नये आणि चिरडूही नये. पाय वर ठेवून दहा-बारा हात जाता आलं, की पायडल लावा.

सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. रोज वीस मिनिटं, बस. आणि छान जमत असतानाच थांबा. दमल्यावर ओढून केलं की अंग चुकाच शिकतं. शिकलेलं विश्रांतीत, झोपेत पक्कं होतं. लोणचं घातल्या दिवशी मुरत नाही. बरणी झाकून ठेवावी लागते. शिकण्याचंही तसंच. काल न जमलेली गोष्ट आज सकाळी आपोआप जमली, असं आमच्यातल्या कितीतरी जणींनी अनुभवलं.

या वेळी सात जणी होत्या. एक नऊ दिवसांत शिकली. एकीला दीड महिना लागला. संक्रांतीपर्यंत पाच जणी चालवायला लागल्या. दोघींचं अजून चाललंय. कुणाला काही विचारत नाही.

मैत्रिणींनो, सायकल हे एक उदाहरण. इतर ठिकाणीही हेच दिसतं. झोप येत नाही, तर डोळे गच्च मिटून 'झोपलंच पाहिजे' म्हटलं की झोप आणखी पळते. वीसेक मिनिटं झाली तर उठावं, मंद उजेडात काहीतरी शांत काम करावं, डोळे जड झाले की परत आडवं व्हावं. सही शिकताना पेन्सिल इतकी दाबतो की कागद फाटतो. बोटं सैल सोडली की अक्षर वळतं. ग्रामसभेत बोलायचं म्हणून भाषण पाठ करतो आणि उभं राहिल्यावर सगळं विसरतो. पाठ न करता एकच प्रश्न मनात ठेवून उठलं, की तोंडातून नीट निघतो.

तर कुठलंही ध्येय धरताना चार गोष्टी बघा. एक, हे मला हवंय की दुसऱ्याला दाखवायला? दोन, 'इतक्या दिवसांत झालंच पाहिजे' असं न ठरवता 'रोज इतका वेळ देईन' असं ठरवा. वेळ देणं आपल्या हातात असतं, कधी जमेल ते नसतं. तीन, पहिली पायरी एवढी खाली घ्या की पाय टेकलेले राहतील. चार, चुकलं तर स्वतःला बोल लावू नका, उद्या पुन्हा बसा.

पण एक घोळ होऊ देऊ नका. सैल सोडणं म्हणजे सोसणं नाही. घरात मारहाण होत असेल, मजुरी बुडवली असेल, तर तिथे सैल राहायचं नाही, तिथे ठाम उभं राहायचं आणि गटाने पाठीशी यायचं. आणि बचत, हप्ता, बैठक यांची शिस्त आहे तशीच राहील. ते आपल्याला येतं. 'ताईंनी रेडिओवर सैल धरा म्हटलं' म्हणून हप्ता चुकवू नका हं!

या आठवड्याच्या बैठकीत एक करून बघा. हिशेब झाला की प्रत्येकीने आपली एक इच्छा सांगायची, जी खूप दिवस जोर लावूनही होत नाहीये. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही. फक्त विचारायचं, "यातला कष्ट कुठला आणि ओढाताण कुठली?" उत्तर तिचं तिला सापडू द्या.

वहिनी आता बैठकीला येतात. सायकलवर मात्र अजून बसल्या नाहीत. संध्याकाळी सराव चालतो तेव्हा शाळेच्या पायरीवर बसून बघत असतात. मागच्या आठवड्यात पायडल काढलेली सायकल त्यांच्याशेजारी टेकवून ठेवलेली होती. त्यांनी एक हात हँडलवर ठेवला होता. आम्ही बघितलं आणि काही बोललो नाही.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोपर्यंत काळजी घ्या. नमस्कार.