कुत्र्यांमधील कंड व आहारजन्य ॲलर्जी

त्वचा खाजविण्याची, चाटण्याची, चावण्याची वा घासण्याची अनावर इच्छा उत्पन्न करणाऱ्या संवेदनेस कंड (खाज) म्हणतात. कंड हा स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांचे समाईक लक्षण आहे. कुत्र्यास पशुवैद्याकडे नेण्यामागील नेहमीच्या कारणांपैकी ते एक होय. पिसवा व माइट यांसारखे परजीवी (दुसऱ्या जीवावर उपजीविका करणारे प्राणी), जंतू व यीस्ट यांचा संसर्ग, परिसरातील पदार्थांची ॲलर्जी आणि अन्नघटकांची ॲलर्जी ही कंडाची प्रमुख कारणे आहेत. यांपैकी अन्नावर मालकाचा संशय सर्वांत आधी जातो. तथापि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेनुसार कंड असलेल्या कुत्र्यांत आहारजन्य विकाराचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत ९ ते ४० टक्के, मध्यक (मधले) मूल्य १८ टक्के, असे आढळले आहे. म्हणजे बहुसंख्य कुत्र्यांच्या कंडाचे मूळ अन्नात नसते. पण ज्यांच्या बाबतीत ते असते, त्यांचा विकार केवळ अन्न बदलून, कायमच्या औषधांवाचून आटोक्यात येऊ शकतो. म्हणून ही थोडी कुत्री नेमकी ओळखून काढणे महत्त्वाचे ठरते. त्यासाठी एकच भरवशाचा मार्ग उपलब्ध आहे : इतर कारणे क्रमाने दूर करणे आणि नंतर अन्नाची पद्धतशीर चाचणी घेणे.

त्वचा व ॲलर्जी : कुत्र्याच्या केसाळ भागातील बाह्यत्वचा मनुष्याच्या बाह्यत्वचेपेक्षा पातळ असून तीत कोशिकांचे (पेशींचे) साधारणतः तीन ते पाच थर असतात. तिचा पृष्ठभाग मनुष्याच्या त्वचेइतका अम्लीय नसून जवळजवळ उदासीन असतो. त्यामुळे मनुष्यासाठी तयार केलेले साबण व शाम्पू तिला मानवत नाहीत आणि ते वारंवार वापरल्यास ती कोरडी पडून खाज वाढते.

एरवी निरुपद्रवी असलेल्या पदार्थाविरुद्ध शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेने दिलेल्या अवाजवी प्रतिसादास ॲलर्जी (अधिहृषता) म्हणतात. ही संज्ञा ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के यांनी १९०६ मध्ये रूढ केली. कुत्र्यात परागकणांमुळे होणाऱ्या ॲलर्जीची नोंद एफ. डब्ल्यू. विटिक यांनी १९४१ मध्ये केली. ॲलर्जी असलेल्या कुत्र्याच्या शरीरात विशिष्ट प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ती त्वचेतील मास्ट कोशिकांवर बसतात आणि तेच प्रथिन पुन्हा आले म्हणजे या कोशिकांतून हिस्टामीन व अन्य दाहकारक द्रव्ये बाहेर पडतात. याखेरीज लसीका कोशिकांनी स्रवलेले इंटरल्यूकिन–३१ हे प्रथिन तंत्रिकांना (मज्जातंतूंना) उद्दीपित करून थेट खाज निर्माण करते. आहारजन्य ॲलर्जीत तात्काळ आणि विलंबित अशा दोन्ही प्रकारच्या प्रतिक्रिया घडू शकतात. [⟶ ॲलर्जी].

आहारजन्य ॲलर्जी आणि अन्न-असहिष्णुता यांत भेद करणे आवश्यक आहे. दुधातील लॅक्टोज शर्करा न पचल्याने कुत्र्यास जुलाब होतात, ही असहिष्णुता होय. तीत प्रतिरक्षा यंत्रणेचा संबंध नसतो. तसेच ॲलर्जी ही बहुधा नव्या अन्नाची नसते. प्रतिरक्षा यंत्रणा एखाद्या प्रथिनास संवेदनशील होण्यास काळ जावा लागत असल्याने कित्येक महिने वा वर्षे बिनबोभाट खाल्लेल्या पदार्थाचीच ती उद्भवते. ‘हे अन्न तो लहानपणापासून खातो’ हा युक्तिवाद त्यामुळे त्या अन्नास निर्दोष ठरवीत नाही.

लक्षणे : कंड कोठे आहे यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असल्यास कंबर, शेपटीचे मूळ व मांड्यांचा मागील भाग येथे तीव्र खाज येऊन केस झडतात. सारकॉप्टीस स्केबिआय या माइटामुळे होणाऱ्या खरजेत कानांच्या कडा, कोपर व घोटे यांवर खपल्या धरतात. ही खरूज सांसर्गिक असून कुत्रा हाताळणाऱ्या माणसांनाही तिच्यामुळे तात्पुरते खाजरे पुरळ उठते. परागकण, धुळीतील माइट, बुरशीचे बीजुक इत्यादींमुळे होणारा ॲटोपिक त्वचाशोथ (आनुवंशिक प्रवृत्तीमुळे होणारी त्वचेची दाहयुक्त सूज) बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होतो आणि चेहरा, कान, पंजे, काखा व पोट यांवर आढळतो. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड व पग या जातींत त्याकडे कल दिसतो.

आहारजन्य ॲलर्जीतही हेच भाग व्यापले जात असल्याने केवळ पाहून ती ॲटोपिक त्वचाशोथापासून वेगळी ओळखता येत नाही. तथापि ऋतूनुसार कमीजास्त न होणारी, बारमाही खाज. एक वर्षाच्या आत किंवा उतारवयात झालेली सुरुवात. वरचेवर होणारा कर्णदाह. गुदद्वाराभोवतीची खाज आणि तिच्या जोडीला ओकारी, पातळ मल वा दिवसातून अनेकदा शौचास होणे या गोष्टी अन्नाकडे बोट दाखवितात. कित्येकदा कानाचा दाह हे एकमेव लक्षण असते. सतत चाटल्याने लाळेमुळे फिकट केस तांबूस होतात. विकार जुनाट झाल्यास त्वचा काळी, जाड व सुरकुतलेली बनते.

कारणांचा शोध : प्रथम परजीवींचा बंदोबस्त करतात. पिसू अंगावर दिसली नाही म्हणून ती नाही असे ठरत नाही. कारण संवेदनशील कुत्रा ती चाटून गिळून टाकतो आणि थोडे दंशही त्याला पुरेसे होतात. पिसूची अंडी अंगावरून गळून बिछाना, सतरंजी व फरशीच्या फटी यांत पडतात आणि तेथे कोशावस्थेत ती कित्येक महिने तग धरू शकते. उष्ण हवामानात पिसवांचा उपद्रव वर्षभर चालू राहतो. यामुळे घरातील सर्व कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार करणे, बिछाने गरम पाण्याने धुणे आणि घर झाडून स्वच्छ ठेवणे आवश्यक असते. खरजेचे माइट त्वचा खरवडून केलेल्या तपासणीत पुष्कळदा सापडत नाहीत. म्हणून दाट संशय असल्यास परीक्षणात्मक उपचार करतात.

यानंतर संसर्ग पाहतात. खाजविलेल्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस स्यूडिंटरमीडियस हा जंतू व मॅलॅसेझिया पॅकिडर्मॅटिस हे यीस्ट सहज वाढतात व स्वतंत्रपणे खाज वाढवितात. दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, यीस्टमुळे त्वचा तेलकट होऊन तिला उग्र वास येतो. चिकटपट्टीने घेतलेला नमुना रंजित करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास दोन्ही ओळखता येतात. परजीवी व संसर्ग यांचे निवारण झाल्यावरही कंड उरला, तरच अन्नाची चाचणी अर्थपूर्ण ठरते.

आहार-वर्जन चाचणी : कुत्र्याने यापूर्वी कधीही न खाल्लेले एक प्रथिन व एक पिष्टमय पदार्थ एवढेच अन्न ठराविक काळ देऊन लक्षणे कमी होतात की नाही हे पाहणे, यास आहार-वर्जन चाचणी म्हणतात. याऐवजी जलीय विच्छेदनाने प्रथिनांचे अतिसूक्ष्म तुकडे केलेले तयार अन्नही वापरतात. तुकडे लहान असल्याने प्रतिरक्षा यंत्रणा ते सहसा ओळखू शकत नाही.

कोणती प्रथिने वगळावयाची हे कुत्र्याच्या पूर्वाहारावर अवलंबून असते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेत आहारजन्य विकार असलेल्या २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र केली असता गोमांस ३४, दुग्धपदार्थ १७, कोंबडीचे मांस १५ व गहू १३ टक्के कुत्र्यांना बाधक आढळले. सोयाबीन, मेंढीचे मांस, मका व अंडी यांचे प्रमाण याहून बरेच कमी होते. ही माहिती मुख्यत्वे पाश्चात्त्य देशांतील असून तेथील कुत्र्यांना जे अन्न अधिक दिले जाते, त्याचे प्रतिबिंब तीत पडलेले आहे. महाराष्ट्रातील घरांत कुत्र्यांस दूध-पोळी, दहीभात, अंडी व कोंबडी-भात देण्याची प्रथा असल्याने येथे दूध, गहू, अंडी व कोंबडी यांचा विचार आधी करणे युक्त ठरते. काही प्रथिनांत परस्पर साम्य असते. गोमांस, गाईचे दूध व मेंढीचे मांस यांत, तसेच कोंबडी व मासे यांत ते दिसून आले आहे. म्हणून मासे, ससा, बदक इत्यादींपैकी प्रथिनाची निवड पूर्वाहार पाहून करतात व त्याबरोबर बटाटा वा रताळे देतात. शाकाहारी घरात राजमा व बटाटा यांसारखी जोडी पशुवैद्याच्या सल्ल्याने योजता येते. केवळ घरी शिजविलेल्या अशा अन्नात कॅल्शियम व इतर पोषक द्रव्ये अपुरी असल्याने ते दीर्घकाळ देऊ नये आणि वाढत्या पिलांना तर तज्ज्ञाने संतुलित करून दिल्याखेरीज मुळीच देऊ नये. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट ही कुत्र्यास विषारी असल्याने ती कोणत्याही आहारात वर्ज्य होत.

चाचणीचा काळ किमान आठ आठवडे असावा. २०१५ मधील एका समीक्षेनुसार आहारजन्य ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक पाच आठवड्यांत व ९० टक्क्यांहून अधिक आठ आठवड्यांत सुधारतात. पचनसंस्थेची लक्षणे बहुधा याहून लवकर, दोन आठवड्यांच्या आसपास कमी होतात. चाचणी फसण्याचे मुख्य कारण म्हणजे मधल्या काळात चुकून दिलेले इतर अन्न. बिस्किटाचा एक तुकडा, गोळी गिळविण्यासाठी दिलेले दूध, मांसाचा स्वाद असलेली जंतनाशक गोळी, स्वादयुक्त दंतमंजन, चघळण्याची हाडे, शेजारच्या मांजराची थाळी किंवा जेवताना मुलांच्या हातून पडलेला घास यांपैकी काहीही निष्कर्ष बिघडविण्यास पुरेसे असते. बाजारातील ‘एकाच मांसाचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही अन्नांत वेष्टनावर न नोंदलेली प्रथिनेही आढळली आहेत. म्हणून घरातील प्रत्येक व्यक्तीस चाचणीची कल्पना देणे व रोजची नोंद ठेवणे इष्ट असते.

कंड कमी झाला म्हणजे निदान झाले असे नाही. ऋतुबदल, औषधे वा संसर्गाचे निवारण यांमुळेही तो कमी होतो. त्यासाठी जुने अन्न पुन्हा सुरू करतात. काही तासांपासून दोन आठवड्यांच्या आत लक्षणे परतली आणि वर्जित आहार दिल्यावर पुन्हा शमली, तरच ॲलर्जी सिद्ध होते. त्यानंतर एकेक पदार्थ दोन-दोन आठवडे देऊन नेमका बाधक पदार्थ शोधतात. खाज परतण्याच्या भीतीने पुष्कळ मालक ही पायरी टाळतात आणि परिणामी निष्पाप पदार्थही कुत्र्यास जन्मभर वर्ज्य होतात.

रक्त, लाळ वा केस तपासून अन्नाची ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्या विश्वसनीय ठरलेल्या नाहीत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केस व लाळ यांचे नमुने म्हणून कृत्रिम फर व निर्जंतुक लवणद्राव पाठविले असता त्यांच्याही ॲलर्जींची यादी हाती आली होती.

उपचार : आहारजन्य ॲलर्जीवर बाधक पदार्थ कायमचा वगळणे हाच उपचार आहे. अन्नबदलाने न सुधारणाऱ्या कुत्र्यास, अन्य कारणे वगळल्यावर, ॲटोपिक त्वचाशोथ असल्याचे मानतात. काही कुत्र्यांत दोन्ही विकार एकत्र असतात. त्यांची खाज अन्नबदलाने काही अंशीच कमी होते. कॉर्टिकोस्टेरॉइड औषधांनी खाज झपाट्याने शमते, परंतु तहान, भूक व लघवी वाढते आणि दीर्घ वापराने स्नायूंचा क्षय, वारंवार संसर्ग व मधुमेह यांचा धोका संभवतो. अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळालेले ऑक्लासिटिनिब हे औषध खाजेचा संदेश कोशिकांच्या आत रोखते. एक वर्षाखालील कुत्र्यांस ते देत नाहीत. लोकिव्हेटमॅब हे इंजेक्शनाद्वारे द्यावयाचे प्रतिपिंड इंटरल्यूकिन–३१ ला निष्प्रभ करते. सायक्लोस्पोरीन आणि बाधक परागकण वा माइट यांच्या अर्काची वाढत्या मात्रेने दिलेली इंजेक्शने हेही पर्याय उपलब्ध आहेत. यांपैकी कोणतेही औषध कारण शोधण्यास पर्याय ठरत नाही. उलट चाचणीच्या सुरुवातीस खाज शमविण्यासाठी ते दिले असल्यास, ते थांबविल्यानंतरही वर्जित आहार किमान दोन आठवडे चालू ठेवून पाहावे लागते.

रॉकेल, वापरलेले इंजिन तेल, फिनेल इ. पदार्थ खाजऱ्या कुत्र्याच्या अंगास चोळण्याची पद्धत घातक आहे. त्वचा भाजून निघतेच, शिवाय अंग चाटल्याने विष पोटात जाते. खरजेवरील आयव्हरमेक्टिन हे औषध कॉली व तत्सम जातींच्या काही कुत्र्यांत विशिष्ट जनुकीय दोषामुळे मेंदूत शिरून प्राणघातक ठरू शकते. म्हणून तेही पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नये.

आहारजन्य ॲलर्जी क्वचितच आपोआप नाहीशी होते. मात्र बाधक पदार्थ निश्चित कळल्यास तिचा त्रास जवळजवळ पूर्णपणे टाळता येतो. दोन-अडीच महिन्यांच्या शिस्तबद्ध चाचणीने कुत्र्याची पुढील अनेक वर्षांची खाज व औषधे वाचू शकतात. चाचणी नकारार्थी आली, तरी अन्न निर्दोष असल्याचे सिद्ध होऊन उपचाराची योग्य दिशा ठरते.