अर्धी बातमी

'भांडुपच्या काही भागांत उद्या पाणी येणार नाही.' अशी दोन ओळींची बातमी आपण वर्तमानपत्रात वाचतो. मुंबईच्या पाण्याचा मोठा भाग आपल्या भांडुपच्याच केंद्रात शुद्ध होतो. तरीही टेकडीवरच्या वस्त्यांत नळासमोर हंड्यांची रांग लागते.

ही बातमी खरी असते. पण ती पूर्ण असते का? पहाटे उठून रांगेत कोण उभे राहते? भरलेला हंडा घेऊन पायऱ्या कोण चढते? त्यासाठी कोणाची शाळा बुडते? बहुतेक घरांत उत्तर एकच असते : आईची किंवा बहिणीची ही कहाणी असते. बातमीत मात्र ती नसते.

ही राहिलेली अर्धी बाजू लिहिणाऱ्या पत्रकार म्हणजे कल्पना शर्मा. त्या इंग्रजीत लिहितात. आणीबाणीत (१९७५–७७) वृत्तपत्रांवर सरकारी बंधने होती. तेव्हा त्या मुंबईच्या 'हिंमत' साप्ताहिकात होत्या. या साप्ताहिकाने नावाप्रमाणेच हिंमत दाखवून बंधनांना विरोध केला. पुढे त्यांनी 'इंडियन एक्सप्रेस', 'टाइम्स ऑफ इंडिया' आणि 'द हिंदू' या दैनिकांत काम केले. १९८७ मध्ये त्यांना उत्कृष्ट महिला पत्रकाराचा चमेली देवी जैन पुरस्कार मिळाला.

कल्पना शर्मा स्त्रीवादी पत्रकार आहेत. स्त्री आणि पुरुष यांना समान हक्क व समान मान मिळावा, असे मानणारी व्यक्ती स्त्रीवादी होय. 'द हिंदू'तील त्यांच्या सदराचे नाव होते 'द अदर हाफ', म्हणजे 'दुसरा अर्धा भाग'. १९९४ मध्ये अम्मू जोसेफ यांच्याबरोबर त्यांनी 'हूज न्यूज?' हे पुस्तक तयार केले. हुंडाबळी, सती अशा प्रश्नांच्या बातम्या वर्तमानपत्रांनी कशा दिल्या, हे त्यात तपासले आहे. मोठी घटना घडली की बातमी छापली जाते. स्त्रियांचे रोजचे कष्ट मात्र छापले जात नाहीत. २००० साली त्यांनी धारावीतील कष्टकरी माणसांवरही पुस्तक लिहिले.

विद्यार्थ्यांनो, उर्दूत आपण 'खबर' म्हणतो, मराठीत 'बातमी'. शब्द कोणताही असो, वाचताना एक प्रश्न जरूर विचारा : यात कोणाचे म्हणणे आलेले नाही?

स्वाध्याय
१. 'अर्धी बातमी' हे नाव पाठाला का दिले आहे?
२. तुमच्या घरी पाणी कोण भरते? त्या व्यक्तीशी बोलून पाच वाक्यांची बातमी लिहा.