न गंजणारें पातें : घ्यावें कोठें, टाळावें कोठें

भिवंडीहून वाड्यास जातांना आमच्या अंबाडीच्या नाक्यावर वज्रेश्वरीचा फांटा लागतो. या नाक्यावर आम्हीं एके वर्षी भातकापणीच्या तोंडीं चार चकचकीत विळे विकत घेतले. ‘गंजत नाहीं, धार लावावयास नको’ असें विकणाराचें म्हणणें. उभा जन्म कचेरींत सारावसुलीचे आंकडे मांडण्यांत गेल्यामुळें चकाकीस भुललों, हें येथेंच कबूल करतों. दुसऱ्याच दिवशीं विळ्यांची धार मुडपली, आणि चार गडी अर्धा दिवस बांधावर बसून राहिले. लोहारानें एक विळा लाल तापवून ठोकला व पाण्यांत विझविला. तो पूर्वीपेक्षांही मऊ निघाला. मजुरी न घेतां तो इतकेंच बोलला, “भाऊसाहेब, या लोखंडाची नि माझी ओळख नाय.” ती ओळख करून घेण्याच्या खटपटींत जें हातीं आलें, तें शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहों.

साधें पोलाद म्हणजे लोखंडांत थोडा कर्ब. मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्यांत तो शेंकडा अर्ध्या भागाहून थोडा अधिक असतो, म्हणूनच आपले लोहार त्यांपासून उत्तम कोयते घडवितात. या पोलादांत शेंकडा साडेदहा वा अधिक क्रोमियम मिसळलें, म्हणजे तें सहसा गंजत नाहीं. क्रोमियमचा हवेशीं संयोग होऊन पात्यावर एक पारदर्शक साय धरते. ती केंसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही पातळ असते. ओरखडा पडल्यास हवा लागतांच पुन्हा धरते. इ. स. १९१३ मध्यें इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्या झिजूं नयेत म्हणून शोध करीत असतां हें पोलाद त्यांच्या हातीं आलें. प्रारंभींच्या सुऱ्या नीट कापीत नसल्यामुळें लोकांनीं त्यांची थट्टाही केली. म्हणजे आमची फजिती कांहीं नवी नव्हे!

मुख्य गोष्ट ही कीं, न गंजणाऱ्या पोलादाच्या जाती अनेक आहेत. ताटवाट्यांच्या जातींत शेंकडा सुमारें १८ भाग क्रोमियम व ८ भाग निकेल असतें. तें तापवून विझविलें तरी कठीण होत नाहीं, उलट मऊच पडतें. त्याची धार टिकावी कशी? आमचे विळे याच जातीचे असावेत, कारण लोहचुंबक त्यांस चिकटेना. पात्याच्या जातींत निकेल जवळजवळ नसतें, कर्ब मात्र पुरेसा असतो. ४४०-सी या जातींत कर्ब शेंकडा सुमारें एक भाग व क्रोमियम १६ ते १८ भाग असतें. तिची धार पुष्कळ टिकते. ४२० या जातींत दोन्ही कमी; ती लवकर बोथट होते, पण धारही लवकर घेते. या आंकड्याचा लबाडीच्या जुन्या कलमाशीं संबंध नाहीं! चुंबक न चिकटल्यास पातें घेऊंच नये. परंतु चिकटला म्हणून तें चांगलेंच, असेंही नव्हे. कर्ब कमी असलेल्या मऊ जातींसही चुंबक चिकटतो.

लोहाराचा यांत दोष नाहीं. साधें पोलाद सुमारें आठशें अंशांवर विझवितां येतें. पात्याच्या या पोलादास हजार अंशांच्या वर उष्णता, आणि तीही मोजून द्यावी लागते. तें काम कारखान्याच्या भट्टीचें, गांवच्या भात्याचें नव्हे. म्हणून असलें पातें भट्टींत देऊं नये. सहाणेवरही पाणी घालीत धार लावावी. पातें निळें पडलें कीं त्याचें पाणी उतरलें, असें समजावें.

आतां घ्यावें कोठें? कैरी, आंवळा, केळफूल चिरतांना त्यांतील तुरट द्रव्याचा लोखंडाशीं संयोग होऊन पातें व फोडी काळ्या पडतात. न गंजणाऱ्या विळीवर तसें होत नाहीं. कलमें बांधणारांसही असा चाकू सोयीचा. तो स्वच्छ राहतो, आणि एका झाडाचा रोग दुसऱ्यास लागूं नये म्हणून पुसून घेणें सोपें जातें. मात्र मिठाच्या पाण्यांत असलें पातेंही टोंचे पडून खराब होतें. मासळी कापल्यावर तें धुऊन पुसावें.

कोयता, कुऱ्हाड व विळा मात्र साध्या पोलादाचेच बरे. ते घाव सोसतात, बांधावर बसून कानशीनें धार घेतात, आणि झिजल्यास लोहार पुन्हा पाणी देतो. भाताकरितां दापोलीच्या कृषि विद्यापीठाचा दांतेरी वैभव विळा पाहावा. त्यानें जमिनीलगत कापणी होते, त्यामुळें धसकटांत दडलेल्या खोडकिडीच्या अळ्याही कमी होतात. हंगाम संपतांच हत्यारें पुसून, तेलाचा हात देऊन कोरड्या जागीं टांगावीं, म्हणजे कोंकणच्या पावसांतही गंज फारसा चढत नाहीं.

त्या चारांपैकीं एक विळा आम्हीं पडवींत टांगून ठेविला आहे. तो अद्यापि चकाकतो. कापीत मात्र कांहीं नाहीं. हत्यार चकाकीनें नव्हे, कामानें पारखावें, एवढेंच सांगून रजा घेतों.