अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास

अकाली जन्मलेल्या बाळाचे श्वास थांबण्याचे प्रसंग अमिनोफिलिन या औषधाने कमी होतात, हे कुझेम्को आणि पाला यांनी १९७३ साली दाखवले, त्याला आता अर्धशतक उलटून गेले आहे. फुप्फुस फुगताच श्वास घेणे आपोआप थांबवणारी प्रतिक्षिप्त क्रिया हेरिंग आणि ब्रॉयर यांनी १८६८ सालीच नोंदवली होती. पुढचा बराच काळ मात्र या बाळांच्या दृष्टीने कोरडा गेला.

त्यातला एक निर्णय तेवढा विसरता येत नाही. जादा ऑक्सिजनने बाळांची दृष्टी जाते हे १९५०च्या दशकात सिद्ध होताच काचपेटीतला ऑक्सिजन ४० टक्क्यांखाली ठेवण्याची प्रथा पडली आणि रक्तात तो किती पोचतो हे न मोजताच ती पाळली गेली. वाचलेल्या प्रत्येक दृष्टीमागे सुमारे १६ बाळे दगावली असावीत, हा केनेथ क्रॉस यांचा अंदाजही १९७३ सालचाच.

१९७०च्या दशकाने बाळाकडे नीट पाहिले. ग्रेगरी यांनी १९७१ साली हवेचा सौम्य दाब सतत देऊन फुप्फुसे उघडी ठेवण्याची पद्धत मांडली. ऑक्सिजन कमी पडला की कमी दिवसांचे बाळ मिनिटभर जोराने श्वास घेते आणि मग उलट मंदावते, तर घशात दुधाचा थेंब अडकला की खोकण्याऐवजी श्वासच रोखते, कारण मेंदूच्या बुंध्यातील श्वसनकेंद्र अजून अपक्व असते, ही समज याच काळात पक्की झाली. श्वास २० सेकंद थांबला की त्यास अ‍ॅप्निया म्हणतात. ठोके उतरतात, ओठांभोवती निळसर छटा येते आणि परिचारिकेने तळव्याला टिचकी मारली की बहुधा श्वास परततो.

अरांडा यांनी १९७७ साली कॅफीन वापरले. नवजात बाळाच्या शरीरातून ते निम्मे होण्यास सुमारे चार दिवस लागत असल्याने दिवसातून एकच मात्रा पुरते. इतक्या सोयीच्या औषधाची मोठी चाचणी प्रसिद्ध होण्यास २००६ साल उजाडावे, ही अक्षम्य दिरंगाई होय. कॅफीनमुळे मेंदूजन्य पक्षाघाताचे प्रमाण ७.३ वरून ४.४ टक्क्यांवर आल्याचे तर २००७ सालीच कळले.

आज कक्षात यंत्रे भरपूर आहेत, पण छातीची हालचाल मोजणारे यंत्र, घसा बंद असताना छाती धडपडत असली तर त्या धडपडीलाच श्वास मानते. नाकपुडीपाशी हवा येते की नाही हे पाहणारी परिचारिका एकाच वेळी अनेक बाळांकडे धावत असते, आणि परिचारिकांची संख्या वाढवण्याचा खर्च यंत्रखरेदीइतक्या तत्परतेने मंजूर होत नाही.