पोलादाच्या पोटातला तटस्थ थर

महामार्गावरून जाणारा गॅसचा टँकर, साखर कारखान्यातली मळीची टाकी, पठारावरच्या पवनचक्कीचा उंच मनोरा: हे सगळं मुळात सपाट होतं. पोलादाची जाड प्लेट कापायची, रोलिंग मशीनमध्ये घालून गोल करायची आणि सांधा वेल्ड करायचा, असा त्यांचा जन्म. मनोरा तर अशा अनेक गोल कवचांचा, म्हणजे शेलचा, एकावर एक जोडलेला. तो वर निमुळता होत जातो, म्हणून त्याच्या प्लेट आयताकृती कापून चालतच नाहीत.

यंत्र दिसायला रसवंतीतल्या चरकाच्या कुळातलं. खाली दोन रोलर, त्यांच्या मधोमध वर एक. पण चरक ऊस चिरडतो. इथे प्लेटची जाडी जवळजवळ तशीच राहते. वरचा रोलर थोडा दाबायचा, प्लेट पुढेमागे फिरवायची, पुन्हा थोडा दाबायचा. प्लेटची दोन्ही टोकं मात्र सपाट राहतात, कारण वाकवायला तीन ठिकाणी दाब लागतो आणि कडेशी तिसरा रोलर पोचत नाही. म्हणून टोकं आधी प्रेसवर वाकवून घेतात, नाहीतर चार रोलरचं यंत्र वापरतात. शेल पूर्ण गोल झाला की तो वरच्या रोलरभोवतीच अडकतो! मग त्या रोलरचं एक टोक मोकळं करून शेल बाजूने काढून घ्यायचा.

खरी गंमत पुढे आहे. आतून 1500 मिलिमीटर व्यासाचा शेल हवा आहे आणि प्लेट 20 मिलिमीटर जाड आहे. किती लांबीची प्लेट कापायची? आतल्या व्यासाने हिशेब केला तर 4712 मिलिमीटर, बाहेरच्या व्यासाने 4838. फॅब्रिकेशनच्या कारखान्यातला कोणताही जाणता कारागीर दोन्ही आकडे बाजूला ठेवून मधला व्यास धरेल, 1520, आणि 4775 मिलिमीटर कापेल. वाकताना प्लेटची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मधोमध एक थर असा असतो की त्याची लांबी बदलत नाही. तोच तटस्थ थर.

आज हे सहज वाटतं, पण इथवर यायला फार वेळ लागला. गॅलिलिओने 1638 मध्ये तुळईच्या ताकदीचा विचार मांडला, तेव्हा त्याने सगळे धागे ताणलेलेच धरले आणि आधार अगदी कडेला मानला. त्याच्यासमोर प्लेट नव्हती, भिंतीतून बाहेर आलेली तुळई होती. तरी ती कल्पना आपल्या शेलला लावून पाहा: न बदलणारा थर आतल्या पृष्ठभागावर येतो आणि प्लेट 63 मिलिमीटर आखूड कापली जाते.

ही चूक दुरुस्त केली आंत्वान पारां या पॅरिसच्या गणितज्ञाने. ताणाचं एकूण बल आणि दाबाचं एकूण बल समान असलंच पाहिजे, हे त्याने 1713 मध्ये छापलं. पण आपल्या निबंधसंग्रहात, विज्ञान अकादमीच्या खंडांत नव्हे. संग्रहात छपाईच्या चुका फार, लेखन दुर्बोध आणि इतरांवर टीका करण्याच्या सवयीमुळे मित्र थोडे. 1716 मध्ये देवीच्या रोगाने तो गेला आणि त्याचं काम तसंच पडून राहिलं. पुढे 1773 मध्ये कूलोमने, विद्युत बलाच्या नियमामुळे आपल्याला शाळेपासून माहीत असलेल्या कूलोमनेच, तोच विचार अकादमीपुढे मांडला, आणि त्यानंतरच हळूहळू तो रुजला.

रोलर सोडला की प्लेट थोडी उघडते, त्याचंही मूळ याच ताण-दाबाच्या खेळात आहे. कारागीर याला स्प्रिंग-बॅक म्हणतात. साधं पोलाद सुमारे 250 मेगापास्कल ताणाला कायमचं वाकू लागतं, असं धरून आदर्श हिशेब केला तर आपल्या शेलची 760 मिलिमीटर त्रिज्या मिळवायला प्लेट सुमारे 665 पर्यंत वाकवावी लागते. आणि पोलाद जितकं मजबूत, तितकी ती जास्त उघडते.

म्हणूनच पहिल्याच फेरीत अचूक गोलाई देण्याचे संगणकचलित यंत्रांच्या जाहिरातींतले दावे मी जपून वाचतो. पोलादाच्या दर्जाच्या प्रमाणपत्राला लागणारी मजबुती ही किमान मर्यादा असते; प्रत्यक्ष प्लेट तिच्याहून मजबूत असू शकते, आणि हा फरक थेट गोलाईत उतरतो. यंत्र दाब अचूक देईल, पण हातातल्या प्लेटचा स्वभाव ती वाकल्यावरच कळतो. वक्राचं टेम्पलेट लावून पाहणारा कारागीर त्यामुळे अजूनही लागतो.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला हाच तटस्थ थर ‘तटस्थ अक्ष’ या रेघेच्या रूपात शिकवणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती: फळ्यावर ती रेघ काढताना पारांचं नाव एकदा तरी घ्या.